शेवळं: ओळखायची कशी, आणायची कुठून आणि घसा न खाजता खायची कशी

मे महिन्याचे शेवटचे दिवस असतात, वळवाच्या एकदोन सरी पडून गेलेल्या असतात आणि एक दिवस अचानक बाजाराबाहेर फूटपाथवर बसलेल्या एखाद्या मावशीच्या टोपलीत चॉकलेटी-जांभळट, मिटलेल्या छत्रीसारख्या काड्यांच्या जुड्या दिसायला लागतात. ज्यांना माहितीये ते स्कूटर तिथल्या तिथे आडवी घालतात. ज्यांना माहिती नाही ते विचारतात, "ही पूजेची फुलं का हो?" तर हो, फुलंच आहेत, पण पूजेची नाहीत, भाजीची. शेवळं म्हणतात त्यांना, एकाला शेवळ किंवा शेवळा.

मी मूळची साताऱ्याची, आमच्याकडे ही भाजी मी कधी बघितलीही नव्हती. लग्न होऊन ठाण्यात सीकेपी घरात आले तेव्हा पहिल्या जूनमध्ये सासूबाईंनी मुठीएवढी वाटी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "खाऊन बघ, मग सांगते काय आहे." मला वाटलं खिमा आहे. खरंच, डोळे मिटून खाल्लं तर खिमाच. म्हणूनच हा लेख माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी आहे, ज्यांच्या आजीने हे कधी केलं नाही आणि ज्यांना "अंदाजाने घाल" असं सांगितलं की काहीच कळत नाही त्यांच्यासाठी.

आधी हे आहे काय ते

शेवळ म्हणजे सुरणाचं रानातलं भावंड. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, अळू-सुरणाच्याच कुळातलं, आणि हे खास आपल्या पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलं झाड आहे, जगात दुसरीकडे रानात सापडत नाही. सुमात्रामधलं ते माणसापेक्षा उंच, कुजक्या वासाचं फूल अधूनमधून बातम्यांमध्ये येतं ना, तेही यांच्याच घरातलं, फक्त आपलं एक-दीड हाताचं असतं.

याची तऱ्हा उलटी आहे. बाकी बहुतेक झाडांना आधी पान मग फूल, याला आधी फूल. उन्हाळाभर जमिनीखाली कंद गप्प झोपलेला असतो, वर काही म्हणजे काहीच नसतं, आणि पहिल्या सरींनी माती भिजली की थेट फुलाचा दांडा वर येतो. पान नंतर, पावसाने जोर धरल्यावर. ते पानसुद्धा एकच, ठिपक्याठिपक्यांच्या देठावर उघडलेली छत्री, पावसाळा संपत आला की पिवळं पडून गळून जातं. म्हणजे आपण जे खातो तो मिटलेला फुलोरा. बाहेरून गुंडाळलेलं एक मोठं पानासारखं आवरण, त्याच्या आत उभा दांडा, त्या दांड्याच्या खालच्या भागात बारीक बारीक खरी फुलं दाण्यांसारखी चिकटलेली आणि वर गुळगुळीत लांब जांभळट टोक. हे चित्र डोक्यात ठेवा, साफ करताना लागणार आहे.

फुलोरा पूर्ण उघडला की त्याला घाण वास सुटतो, काहीतरी मेल्यासारखा, कारण त्याला फुलपाखरं नकोच असतात, माश्या आणि किडे हवे असतात. त्यामुळे भाजीला कायम मिटलेली किंवा जेमतेम सैल झालेली शेवळं. उघडलेलं रानातच राहू द्या.

कुठे उगवतं, कधी मिळतं

पालघरमधलं जव्हार, विक्रमगड, वाडा, ठाणे जिल्ह्यातलं शहापूर, मुरबाड, रायगडमधलं कर्जत, खालापूर, पेण हा सगळा शेवळांचा पट्टा, आणि खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गपर्यंत ते आहेच. पण त्यातही वाटेल तिथे उगवत नाही. पाणी साचणाऱ्या भातखाचरात शोधून उपयोग नाही, कंद सडतो. उताराची, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, वर अर्धवट सावली आणि खाली कुजलेल्या पाल्याचा थर. म्हणजे पानगळीच्या जंगलाची कड, करवंदाच्या जाळ्यांच्या बुडात, साग-ऐनाच्या झाडांखाली, शेताच्या जुन्या दगडी बांधाला लागून, वाडीच्या कुंपणाशी. ज्या जागी एका वर्षी दिसलं त्याच जागी पुढच्या वर्षी दिसतं कारण कंद जागचा हलत नाही, म्हणून पाड्यावरच्या बायकांच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या कोणाला सांगत नाहीत. सांगू पण नयेत.

सीझन अगदी छोटा. मे अखेर ते जूनचा मध्य, फार तर तिसरा आठवडा. मृग लागतो ७-८ जूनला, तेव्हा भर असतो. जूनच्या मध्यात फणसाच्या गऱ्यांशेजारी शेवळं दिसली की समजायचं आता हे शेवटचे दिवस. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव बहुतेक ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या आदिवासी दिनाच्या आसपास भरतात, तिथे जाऊन शेवळं शोधणारे लोक मी बघितलेत, त्यांना तिथे बाकी चिक्कार भाज्या मिळतील, शेवळं नाही.

आता स्वतः जाऊन तोडायची का? माझं स्पष्ट मत, पहिली दोन-तीन वर्षं तरी नको. विकत घ्या. वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी बायका पहाटे रानात फिरून, पहिल्या लोकलने किंवा एसटीने येऊन विकतात, वसई, विरार, पालघर, कल्याण, ठाणे, पनवेल, पेण, दादरलासुद्धा. त्यांची नजर आपल्यापेक्षा शंभर पटीने पक्की असते आणि त्या पैशावर पेरणीच्या तोंडाशी घरचा बाजार होतो, तेव्हा पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस नको. आणि संजय गांधी उद्यान किंवा कर्नाळा अभयारण्यातून काहीही तोडून आणणं बेकायदेशीर आहे, वीकेंड ट्रेकवाल्यांनी हे लक्षात ठेवा. आदिवासींना जंगलातला असा किरकोळ माल गोळा करायचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने आहे, आपल्याला नाही.

तरी कोणाच्या स्वतःच्या वाडीत उगवत असेल आणि ओळखणारं माणूस सोबत असेल तर दांडा जमिनीलगत सुरीने कापायचा, उपटायचा नाही. उपटला की कंद हलतो, पुढच्या वर्षीचं शेवळ गेलं. एका जागी पाच दिसली तर दोन घ्या, बाकीची फुलू द्या, नाहीतर बी धरणार कुठून.

फसवणारे दोघं

एक सापकांदा. सह्याद्रीत पाऊस सुरू झाला की ठिकठिकाणी दिसतो, नागाच्या फण्यासारखं पुढे वाकलेलं आवरण असतं, कधी पांढरं-जांभळं, कधी हिरवं आणि त्यातून शेपटीसारखा लांब दोरा बाहेर. आणि मुख्य खूण, सापकांद्याला फुलासोबत पान असतं किंवा लगेच येतं. शेवळाला फुलाच्या वेळी आजूबाजूला पान नसतं, नुसती काडी. पान आणि फणा दिसला की हात लावायचा नाही.

दुसरं रानसुरणाचं फूल. ते बुटकं, रुंद, जमिनीला टेकल्यासारखं, कोबीच्या गड्ड्याएवढं पसरलेलं असतं. शेवळ सडपातळ आणि उंच. हे दोन गोंधळायला तसं अवघड आहे पण फोटो बघून ओळखायला जाणारे लोक काहीही गोंधळ घालू शकतात, म्हणून सांगितलं. फोटोवरून ठरवू नका, एवढंच.

घेताना

जुडी हातात घेऊन बघा. दांडा ताठ पाहिजे, टोक मिटलेलं, रंग तुकतुकीत. आवरण काळवंडलं असेल, चिकट लागत असेल किंवा नाकाशी धरल्यावर वास येत असेल तर सोडून द्या. बारीक, कोवळी शेवळं चांगली, जाडजूड नको. चार माणसांना दोन जुड्या लागतात आणि साफ करून शिजवल्यावर ते इतकं कमी होतं की पहिल्यांदा करणाऱ्याला रडू येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवळांसोबत काकड घ्यायचे. काकडी नाही, काकड. छोट्या बोराएवढी हिरवट-पिवळट आंबट-तुरट फळं, काकड नावाच्याच झाडाची, ती शेवळांच्या जोडीनेच पिकतात आणि त्याच टोपलीत वाटा लावलेला असतो. दोन जुड्यांना पंधरा-वीस काकड धरा. विकणाऱ्या मावशी स्वतःच विचारतात, "काकड देऊ ना ताई?" त्याला नाही म्हणायचं नाही.

मी म्हटलं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी सासू-सासरे गावाला गेलेले, मी मोठ्या उत्साहाने एकटीच शेवळं घेऊन आले, मावशी काकड देत होती तर मला वाटलं उगाच जास्तीचा माल गळ्यात मारतेय. घरी आल्यावर फटाफट चिरली, पंधरा मिनिटं शिजवली, शेवटी अर्धं लिंबू पिळलं आणि नवरा, त्याचे दोन मित्र आणि मी, चौघं जेवायला बसलो. तिसऱ्या घासाला एक मित्र खाकरायला लागला. मग दुसरा. मग आम्ही चौघं गूळ, दही, आमसुलाचं पाणी जे हाताला लागेल ते घेऊन बसलो होतो, जिभेवर आणि घशात बारीक सुया टोचतायत असं वाटत होतं. आणि ते नुसतं वाटणं नव्हतं.

खाज का येते

अळू, सुरण, शेवळ या सगळ्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं की त्या सुया तोंडात, घशात रुततात. त्यावर आपल्या लोकांनी तीन उपाय शोधलेत आणि तिन्ही एकदमच करायचे असतात: सगळ्यात खाजरा भाग काढून टाकणं, आंबट घालणं आणि भरपूर शिजवणं. यातलं एक वगळून बाकी दोनावर भागत नाही. माझ्या त्या दिवशी तिन्ही अर्धवट झाले होते.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी टाळावी, ऑक्झलेटमुळेच. लहान मुलांना पहिल्यांदा देताना चमचाभर. आणि कोणाचे ओठ-जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर गूळ-बिळ चघळत न बसता सरळ डॉक्टर.

साफ करणं

याला वेळ ठेवा. दोन जुड्यांना मला आजही पाऊण-एक तास लागतो. खाली पेपर पसरा, हातांना खोबरेल किंवा साधं तेल चोळून घ्या, मनगटापर्यंत. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी सरळ ग्लोव्हज घाला, लाजायचं काही नाही. सासूबाई तेलाशिवाय काहीच वापरत नाहीत पण त्यांचे हात चाळीस वर्षं तयार झालेत.

एक शेवळ घ्या. देठाशी चिकटलेली बाहेरची एकदोन जाड, कोरडी पापुद्र्यासारखी पाती सोलून टाका. मग मुख्य आवरण हलक्या हाताने उलगडा, केळफुलाचं पान उलगडतो तसं. आत उभा दांडा दिसेल. त्याच्या खालच्या भागावर पिवळे दाणेदार काहीतरी चिकटलेलं असतं, मक्याच्या बारीक कणसासारखं. तीच खरी खाजरी जागा. तो पिवळा दाणेदार भाग आणि त्याच्या खालचे दाणे, सगळा तुकडा सुरीने कापून बाजूला. थोडा चांगला भाग गेला तरी चालेल, पिवळा कण राहता कामा नये. कळीतला पिवळेपणा कधी कधी फिकट असतो, नीट दिसत नाही, म्हणून ट्यूबलाइटखाली न बसता खिडकीशी उजेडात बसून हे काम करा.

ठेवायचं काय? वरचं गुळगुळीत जांभळट टोक, उलगडलेलं कोवळं आवरण आणि खालच्या देठाचा नखाने सहज तुटेल इतकाच कोवळा भाग. जून देठ टाका. हे सगळं स्वच्छ धुऊन, निथळून, अगदी बारीक चिरा. बारीक म्हणजे बारीकच, मेथी चिरतो त्याहून बारीक, कारण आंबटपणा आत मुरायला पाहिजे आणि खिम्यासारखं लागायचं ते त्याच्यामुळेच. चिरताना डोळ्याला, तोंडाला हात नको. मोबाइल पण नको, नंतर तोच गालाला लावतो आपण.

कचरा बागेत टाकला तरी चालतो, पण कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागेल असा उघडा ठेवू नका.

काकडाचा रस आणि शिजवणं

काकड धुऊन खलबत्त्यात नुसते ठेचा, बिया फुटू देऊ नका. वाटीभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार झाले की हाताने कुस्करून गाळून घ्या. घट्टसर, हिरवट, तोंड वाकडं करणारा रस निघतो. काकड मिळालेच नाहीत तर दाट चिंचेचा कोळ किंवा सात-आठ आमसुलं, पण लिंबू शेवटी पिळून चालत नाही हे मी पैसे न घेता सांगतेय. आंबट हे शिजताना आत पाहिजे.

जाड बुडाच्या कढईत नेहमीपेक्षा जास्त तेल घ्या, चार-पाच मोठे चमचे. चिरलेली शेवळं त्यात टाकून मध्यम आचेवर परता. सुरुवातीला ढीग दिसतो, हळूहळू बसत जातो, रंग काळपट होतो आणि कच्चट वास जाऊन भाजल्यासारखा खमंग वास यायला लागतो. याला दहा-बारा मिनिटं लागतात, घाई नको. मग काकडाचा रस, थोडं मीठ, शेवळं बुडतील इतकं पाणी, झाकण ठेवून चांगली वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या. कुकरला लावणार असाल तर तीन शिट्ट्या आणि वाफ आपोआप जिरू द्यायची.

यानंतरच, आणि फक्त यानंतरच, चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवून दोन मिनिटं थांबायचं. चुणचुण नाही? पास. चुणचुण आहे? अजून थोडा आंबट कोळ, अजून पंधरा मिनिटं. मी यानंतर ते पाणी ओतून शेवळं हलकी पिळून घेते. सासूबाई म्हणतात सगळी चव ओतलीस, त्या पाणी आटवतात. यावरून आमच्याकडे दर जूनमध्ये एक दिवस अबोला असतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी माझं ऐका, सवय झाली की त्यांचं.

आता भाजी

इथपर्यंत आलात तर पुढे सोपंय, जो मसाला तुमच्या घरचा तो. आमच्याकडे दोन-तीन कांदे बारीक चिरून लालसर परततात, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, घरचा लाल मसाला, मग कांदा-सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण आणि त्यात ही शिजवलेली शेवळं. त्याबरोबर काय घालायचं यावर घराघरात पंथ आहेत. कोलंबी घालणारे सर्वात जास्त, त्यानंतर सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी घालणारे, आणि मटणाच्या खिम्यात घालणारे तर त्या दिवशी फोन पण उचलत नाहीत. सीकेपी आणि पाठारे प्रभू दोन्ही घरांमध्ये हा मान शेवळाला आहे. शाकाहारी करायचं तर वालाचं बिरडं, म्हणजे मोड काढून सोललेले वाल, किंवा भिजवलेली हरभऱ्याची डाळ. माझी आवडती बिरड्याची, कारण वालाचा किंचित कडूपणा आणि काकडाचा आंबटपणा एकमेकांना धरून असतात. एवढासा गूळ पण घालते मी, साताऱ्याची सवय.

सोडे घालणार असाल तर आधी कोमट पाण्यात भिजवून धुऊन घ्या आणि मीठ शेवटी, कारण खारटपणा त्यांचाच येतो. कोलंबी मात्र अगदी शेवटची पाच मिनिटं, नाहीतर रबर होतं. शेवळं आधीच पूर्ण शिजलेली असल्यामुळे हे जमतं. कोलंबी घालून मग शेवळं शिजवू असा शॉर्टकट मारला की एक तर कोलंबी गेली नाहीतर घसा.

पाणी बेताचं ठेवा, ही भाजी अंगासरशी चांगली लागते. तांदळाची भाकरी, बाजूला कच्चा कांदा, बस.

पुढे ठेवायची असतील तर

तेलावर परतून काकडात शिजवलेली शेवळं, मसाला न घालता, गार करून छोट्या डब्यांत फ्रीजरला. एका वेळेला लागतील तेवढीच एका डब्यात. दिवाळीपर्यंत माझी आरामात टिकतात, त्यापुढे कधी उरलीच नाहीत. कच्ची चिरून फ्रीज करू नका, मी केली होती, काळी पडून पाणी सुटतं आणि पुन्हा चिमूटभर खाऊन बघायची परीक्षा द्यावी लागते ती वेगळीच. पुण्याची नणंद मेमध्येच फोन करून तिचे दोन डबे बुक करते.

कोणाच्या वाडीतून एखादा कंद मिळाला तर कुंडीतही लागतं. खोल कुंडी, निचऱ्याची माती, पालापाचोळ्याचं खत, अर्धी सावली. पान वाळलं की पाणी पूर्ण बंद, मेपर्यंत कुंडीकडे बघायचं पण नाही, मेलंय समजून माती फेकू नका. आमच्या गॅलरीत एक आहे, दरवर्षी छत्री उघडतं, फूल अजून एकदाही आलेलं नाही, कंदाला अंग धरायला वर्षं लागतात.

आणि काकड उरले तर टाकू नका, मीठ-मिरची-मोहरी घालून लोणचं घाला. ते मुरायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर शेवळांचा सीझन संपलेला असतो.